माझे इलेक्ट्रॉन एवढे थंड कसे झाले? एमएस्सीच्या प्रोजेक्टचे सहा महिने

मे महिना, बाहेर 45 डिग्री, कूलर गरम हवा फेकतोय, आणि माझ्या लॅपटॉपवरच्या सिम्युलेशनमधले इलेक्ट्रॉन उणे 41 डिग्रीला जाऊन बसलेले. ते चुकतंय हे मला दिसत होतं, कुठे चुकतंय ते मात्र महिनाभर सापडलं नाही. शेवटी कसं सापडलं ते नीट लिहून ठेवायचंय, कारण पसरणाऱ्या प्लाझ्मावर (प्लाझ्मा म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, झालेला वायू) मराठीत शोधलं तेव्हा मला काहीच मिळालं नव्हतं आणि पुढे कुणी ह्याच वाटेने गेलं तर त्याचा तरी महिना वाचेल.

मी नागपूरचीच, फिजिक्समध्ये एमएस्सी, चौथ्या सेमला प्रोजेक्ट असतो. आमच्या डिपार्टमेंटला प्लाझ्मा करण्याजोगा लेझर नाही, त्यामुळे ज्यांना प्लाझ्मा करायचा असतो त्यांना कॉम्प्युटरवरच करावा लागतो. सरांनी विषय दिला: लेझरने ग्रॅफाइटच्या तुकड्यावर एक झटका मारला की कार्बनचा गरम प्लाझ्मा उडतो, तो व्हॅक्यूममध्ये सुसाट पसरतो, तर पसरताना त्यातले इलेक्ट्रॉन आणि आयन परत एकत्र येऊन साधे अणू किती बनतात आणि सुटे किती राहतात ते काढ. ऐकायला सोपं वाटलं. सर म्हणाले, "सोपं वाटून राहिलं ना? वाटू दे. जूनमध्ये बोलू."

सुरुवात साहांपासून केली. मेघनाद साहांचं 1920 चं समीकरण बीएस्सीला सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, तापमान आणि घनता दिली की किती टक्के अणू आयन झालेत ते सांगतं. मी आकडे धरले ते असे: सुरुवातीला दर घन सेंटिमीटरला 10 चा 18वा घात एवढे आयन, तापमान 2 ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक, प्लाझ्माचं तापमानही त्यातच सांगतात) म्हणजे साधारण 23 हजार केल्विन, ढग सुरुवातीला 0.1 मिलिमीटरचा आणि सेकंदाला 20 किलोमीटर वेगाने फुगणारा. म्हणजे ढगाचा आकार दुप्पट व्हायला 5 नॅनोसेकंद. ह्या आकड्यांना साहांचं समीकरण म्हणतं की जवळपास सगळा कार्बन आयन आहे. ठीक. पण पुढे अडचण ही की ते समीकरण समतोलाचं आहे. आयन होणं आणि परत अणू होणं ह्या दोन्ही गोष्टी पुरेशा वेगाने चालू असतील, दोघांना एकमेकांची बरोबरी करायला वेळ मिळत असेल, तरच ते लागू. इथे ढग नॅनोसेकंदांत विरळ होतो. थोड्याच वेळात अशी स्थिती येते की इलेक्ट्रॉनला आयन भेटेपर्यंत ढग आणखी दुप्पट मोठा झालेला असतो. तिथून पुढे समतोल विसरायचा आणि वेगाचा, म्हणजे रेटचा हिशोब करायचा.

आता रिकॉम्बिनेशन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन परत जोडले जाणं, होतं कसं हे सांगते, कारण पुढचं सगळं ह्यावर उभं आहे. इलेक्ट्रॉन आणि आयन विरुद्ध चार्जचे, ओढ आहेच, पण नुसती ओढ असून भागत नाही. इलेक्ट्रॉन आयनकडे पडताना वेग घेतो आणि त्याच वेगाने पलीकडे निघून जातो. त्याला थांबवायचं असेल तर जादा ऊर्जा कुणीतरी घेऊन गेलं पाहिजे. एक तर फोटॉन घेऊन जातो, ते फार क्वचित घडतं. नाहीतर त्याच वेळी, त्याच जागी दुसरा एक इलेक्ट्रॉन हजर असतो, पहिला त्याला धडक देतो, ऊर्जा त्याला देतो आणि स्वतः आयनपाशी अडकतो. दाट प्लाझ्मात हेच जास्त चालतं, तीन कणांचं रिकॉम्बिनेशन, ह्याचा पहिला हिशोब जे. जे. थॉमसनने 1924 मध्येच मांडला होता. माझी मैत्रीण नागपूरच्या महाल भागात राहते, तिला मी हे मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीवरून समजावलं होतं: बडकस चौकात गर्दीत एक ओळखीचा भेटणं सोपं, पण दोन ओळखीचे एकाच वेळी एकाच खांबापाशी भेटायचे असतील तर गर्दी खूपच दाट पाहिजे, आणि गर्दी निम्मी झाली की ती शक्यता निम्मी नाही, पाव होते. म्हणून हा रेट घनतेच्या वर्गाने जातो.

तापमानाचं तर ह्याहून तीव्र. इलेक्ट्रॉन आयनच्या किती जवळ आल्यावर "पकडीत" आला म्हणायचं? जिथे ओढीची ऊर्जा त्याच्या स्वतःच्या धावण्याच्या ऊर्जेएवढी होते तिथे. 1 ईव्हीला ते अंतर 1.44 नॅनोमीटर येतं आणि तापमान निम्मं केलं की ते दुप्पट. आता त्या अंतराचा वर्ग घ्यायचा, कारण निशाणाचं क्षेत्रफळ, मग परत घन घ्यायचा, कारण त्या गोळ्यात दुसरा इलेक्ट्रॉन असायला हवा, झाला पाचवा घात, आणि वेगापायी तापमानाचं एक वर्गमूळ परत मिळतं. सगळं मिळून रेट तापमानाच्या उणे साडेचार घाताने जातो. उणे साडेचार! म्हणजे तापमान निम्मं केलं की रेट बावीस पटीने वाढतो. हे मी स्वतः वहीत काढलं त्या रात्री झोप लागली नाही, इतक्या साध्या विचारातून असा विचित्र घात निघतो ह्याचाच आनंद होता.

मग कोड लिहायला घेतलं आणि फेब्रुवारी-मार्च त्यात गेले. पहिल्यांदा साध्या स्टेप घेत पुढे जाणारा प्रोग्रॅम लिहिला तर तिसऱ्याच ओळीत इलेक्ट्रॉनांची संख्या निगेटिव्ह. कारण सुरुवातीला बदल नॅनोसेकंदाच्याही आत होतात आणि शेवटी मायक्रोसेकंदात, एकच स्टेप दोन्हीला पुरत नाही. अशा समीकरणांना स्टिफ म्हणतात. दोन उपाय कामी आले: पायथॉनमधली समीकरणं सोडवायची नेहमीची पद्धत आरके-45 सोडून स्टिफ समीकरणांसाठीची बीडीएफ लावली, आणि वेळ, तापमान, घनता सगळ्यांचे लॉग घेऊन समीकरणं परत लिहिली. लॉग घेतल्यावर संख्या निगेटिव्ह व्हायचा प्रश्नच राहिला नाही आणि जो रन रात्रभर चालायचा तो चहा होईपर्यंत संपायला लागला. कुणी हे करत असेल तर पहिल्या दिवसापासून लॉगमध्येच करा.

एप्रिलच्या शेवटी पहिला स्वच्छ ग्राफ आला. तापमानासाठी मी सरळ पुस्तकी नियम लावला होता: वायू पसरला की थंड होतो, एकअणू वायूचं तापमान घनफळाच्या उणे दोन-तृतीयांश घाताने उतरतं, ढगाचा आकार वेळेसोबत सरळ वाढतोय म्हणजे तापमान वेळेच्या वर्गाने कमी होणार. उत्तर असं आलं की 50 नॅनोसेकंदाला शंभरातला एकच इलेक्ट्रॉन सुटा उरतो, 500 नॅनोसेकंदाला दहा हजारांत एक. ग्राफ खूपच सुंदर दिसत होता, सरळ उतरणारी रेघ.

मी तो सरांना दाखवायला घेऊन गेले. सरांनी काही न बोलता कपाटातून एक जुना, पिवळा पडलेला कागद काढला, त्यांच्या स्वतःच्या पीएचडीच्या वेळचा ऑसिलोस्कोपचा ट्रेस, म्हणजे वेळेसोबत करंट कसा बदलला त्याची रेघ. ग्रॅफाइटवर लेझर मारलेला आणि 20 सेंटिमीटरवर आयन पकडायला फॅरडे कप ठेवलेला, कप म्हणजे साधी धातूची वाटी, आयन पडले की करंट येतो. 10 मायक्रोसेकंदाच्या जवळ मस्त मोठा डोंगर. सर म्हणाले, "20 सेंटिमीटर, सेकंदाला 20 किलोमीटर, म्हणजे 10 मायक्रोसेकंद. तुझ्या हिशोबाने तेव्हा किती आयन उरले?" मी तिथेच फोनवर काढलं. चाळीस लाखांत एखादा. सर म्हणाले, "मग हा डोंगर कशाचा आहे, बेटा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचा महिना वाईट गेला. मी रेटचा आकडा तपासला, युनिट तपासले, घन सेंटिमीटरच्या जागी घनमीटर तर नाही ना टाकले हे तीनदा पाहिलं. सगळं बरोबर. फोटॉनवाला रेट जोडला, त्याने तर रिकॉम्बिनेशन थोडं वाढलंच, म्हणजे उलट्या दिशेला. बाबा रात्री उठले की मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेली, "काहून जागून राहिली अजून" म्हणायचे आणि कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून परत झोपायचे. आई म्हणायची थोडे दिवस सोड. मला सोडवत नव्हतं. एवढ्या साध्या गोष्टीत, एक ढग पसरतोय, त्यात दोन प्रकारचे कण आहेत, बस, आणि तरी माझं उत्तर खऱ्या जगापेक्षा लाखो पटीने चुकतंय, ह्याचं मला खरंच दुःख होत होतं.

एका रात्री नुसतं बघायचं म्हणून तापमानाचा कॉलम प्रिंट केला. तोवर मी फक्त इलेक्ट्रॉन किती ह्याचेच ग्राफ काढत होते. 50 नॅनोसेकंदाला तापमान 232 केल्विन, म्हणजे उणे 41 सेल्सिअस. 500 नॅनोसेकंदाला 2.3 केल्विन! ज्या ढगात लेझरने आग ओतली तो अर्ध्या मायक्रोसेकंदात द्रव हीलियमपेक्षा थंड. आणि इलेक्ट्रॉन जेवढे थंड तेवढं रिकॉम्बिनेशन जोरात, उणे साडेचार घात. घनता विरळ होऊन रेट वेळेच्या सहाव्या घाताने पडतोय, पण थंडीमुळे नवव्या घाताने चढतोय, म्हणून शेवटी वेळेच्या घनाने वाढतच जातोय, ढग विरळ होऊनही. खोट कुठे आहे ते आता कळलं, इलेक्ट्रॉन एवढे थंड व्हायला नको होते. पण त्यांना गरम कोण ठेवणार? व्हॅक्यूममध्ये बाहेरून कुणी उष्णता देत नाही.

उत्तर माझ्या लहान भावाने दिलं, त्याला स्वतःला पत्ताही नाही. तो एमपीएससीची तयारी करतोय आणि त्याला मोठ्याने वाचल्याशिवाय लक्षात राहत नाही. जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून आला नव्हता, नुसतं दमट. तो शेजारच्या खोलीत येरझाऱ्या घालत भूगोल पाठ करत होता: कोरडी हवा वर गेली की किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी थंड होते, पण ढग तयार होत असेल तर 6 अंशांच्या आसपासच, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती हवेलाच मिळते. हे त्याने चार वेळा म्हटलं. चौथ्या वेळेला मी उठून त्याच्या खोलीत गेले आणि म्हटलं, परत म्हण. तो घाबरला, त्याला वाटलं ओरडायला आले.

वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, तशी आयनचा अणू होतानाही सुटते. कार्बनला आयन करायला 11.26 ईव्ही लागतात, तेवढे परत जोडताना सुटणारच. आणि तीन कणांच्या धडकेत ती ऊर्जा घेतो कोण? तो तिसरा कण, म्हणजे दुसरा इलेक्ट्रॉन! मी स्वतःच वहीत जानेवारीत लिहिलेलं, जादा ऊर्जा दुसरा इलेक्ट्रॉन घेऊन जातो. घेऊन जातो म्हणजे कुठे जातो, ढगातच ना. तो गरम झाला, त्याने चार जणांना धडका दिल्या, सगळे इलेक्ट्रॉन थोडे गरम झाले. इलेक्ट्रॉन गरम म्हणजे पुढचं रिकॉम्बिनेशन मंद. म्हणजे जोडणी जितकी जास्त होईल तितकी ती स्वतःच स्वतःला आवरते. मी पसरण्यामुळे येणारी थंडी धरली होती आणि जोडणीमुळे येणारी ऊब सोडून दिली होती.

कागद शोधायलाही धीर नव्हता, टेबलावर लाइट बिल पडलं होतं त्याच्या मागेच केलं. समजा तापमान वेळेच्या कुठल्यातरी उणे घाताने उतरतं, त्या घाताला अ म्हणू. रिकॉम्बिनेशनचा रेट मग वेळेच्या उणे 6 अधिक साडेचार अ ह्या घाताने जाणार. प्रत्येक जोडणीला ठरावीक ऊर्जा मिळते असं धरलं तर ऊब पण त्याच घाताने, आणि ती पसरण्याच्या थंडीशी टक्कर देत राहायची असेल तर उणे अ उणे 1 ह्या घाताएवढी असली पाहिजे. दोन्ही बाजू बरोबर केल्या: साडेपाच अ बरोबर 5. अ म्हणजे दहा-अकरांश. तापमान वेळेच्या वर्गाने पडत नाही, जेमतेम पहिल्या घाताने पडतं! आणि अ परत टाकला की रेट वेळेच्या उणे 1.9 घाताने मरतो, म्हणजे अनंत काळापर्यंत बेरीज केली तरी ती मर्यादित. सगळे इलेक्ट्रॉन कधीच जोडले जात नाहीत. काही भाग सुटाच राहतो, कायमचा. ह्यालाच पुस्तकात आयनीभवन गोठणं म्हणतात, हा शब्द मी शंभर वेळा वाचला होता पण त्या बिलाच्या पाठीवर तो पहिल्यांदा दिसला.

कोडमध्ये फक्त एक टर्म वाढवावी लागली. किती ऊर्जा इलेक्ट्रॉनांना मिळते हा प्रश्न होता, कारण पूर्ण 11.26 मिळत नाहीत: पकडलेला इलेक्ट्रॉन आधी अणूतल्या ऊर्जेच्या अगदी वरच्या पायरीवर बसतो, धडका खात खात एक-एक पायरी खाली येतो, तोवरची ऊर्जा इतर इलेक्ट्रॉनांना जाते, पण एका पायरीनंतर तो धडकेची वाट न बघता प्रकाश टाकून खाली उतरतो आणि विरळ ढगातून तो प्रकाश सरळ बाहेर निघून जातो. मी अंदाजाने 5 ईव्ही धरले. रन मारला. 500 नॅनोसेकंदाला तापमान 2.3 केल्विनच्या ऐवजी 300-400 केल्विन, आणि शेवटी सुटे उरलेले इलेक्ट्रॉन निम्म्याच्या आसपास. चाळीस लाखांत एकच्या जागी दोनांत एक, एका टर्मने.

रात्रीचे अडीच वाजले होते, घरात सगळे झोपलेले, मी गच्चीवर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांना बिल दाखवलं, लॅपटॉप नंतर. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले की 1965 मध्ये कुझ्नेत्सोव्ह आणि रायझर ह्या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी नेमकं हेच काढलं होतं, व्हॅक्यूममध्ये पसरणाऱ्या प्लाझ्मातलं रिकॉम्बिनेशन आणि त्याची ऊब. मी विचारलं, सर तुम्हाला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू टर्म टाकली असती. हे बिल लिहिलं नसतं." तेव्हा मला थोडा राग आला होता खरा, महिनाभराची झोप गेली होती. आता मला वाटतं त्यांनी बरोबर केलं, आणि मी कधी शिकवायला लागले तर बहुतेक तेच करेन, फक्त तापमानाचा कॉलम एकदा बघून ये एवढं तरी सांगेन.

त्याच आठवड्यात सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. सगळं विश्वसुद्धा असाच एक पसरणारा, थंड होणारा प्लाझ्मा होता. बिग बँगनंतर साधारण 3 लाख 80 हजार वर्षांनी, तापमान 3000 केल्विनच्या आसपास आल्यावर इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडले गेले आणि प्रकाश मोकळा झाला. तिथे कारण वेगळं आहे, विश्व इतकं विरळ होतं की तीन कण एकत्र भेटायचा प्रश्नच नाही, सगळं फोटॉनच्या मार्गाने, आणि जोडणीचा प्रकाश पुढच्या अणूला परत फोडत होता म्हणून कामाला उशीर. 1968 मध्ये मॉस्कोत झेल्दोविच, कुर्त आणि सुन्याएव्ह यांनी आणि अमेरिकेत पीबल्स यांनी वेगवेगळं हे गणित केलं. पण शेवट सारखाच: पसरण्याचा वेग जिंकला आणि दहा हजारांत दोन-तीन इलेक्ट्रॉन सुटेच राहिले. त्या उरलेल्यांच्या मदतीने पुढे हायड्रोजनचे रेणू बनले, त्या रेणूंनी वायूचे ढग थंड केले आणि पहिले तारे पेटले. लहानपणी रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात मान वर करून पाह्यलेले तारे, आणि त्यांच्या मागे हे न जोडलेले थोडेसे इलेक्ट्रॉन. हे ऐकल्यावर मी फुटाळा तलावावर जाऊन तासभर बसले होते, पाऊस त्या दिवशी पहिल्यांदा आला.

व्हायवात बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच अवघड प्रश्न विचारला: 5 ईव्ही कुठून आणलेस? मी खरं तेच सांगितलं, अंदाज आहे. मग बोर्डावर करून दाखवलं की आकडा 3 केला किंवा 8 केला तरी तापमानाचा घात तोच राहतो, दहा-अकरांश, कारण त्या समीकरणात तो आकडा येतच नाही, फक्त शेवटी किती उरले ते बदलतं. मॅडम म्हणाल्या, घात ठीक आहे, पण उरलेले मोजायचे असतील तर तो आकडा काढावाच लागेल.

तो आता काढतेय. कार्बनच्या एक-एक पायरीचं वेगळं समीकरण, प्रत्येक पायरीला वर जाणं, खाली येणं, प्रकाश टाकणं, सगळं सुटं. वीस पायऱ्यांपर्यंत जायचंय, सध्या बारावीवर आहे. लॉगमध्येच लिहिलंय, आणि तापमानाचा कॉलम प्रत्येक रनला सगळ्यात आधी प्रिंट होतो.